हिस्सा १० टक्के, देणं किती टक्के?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमची कंपनी बरीच वर्षं तेलक्षेत्रांना व्हॉल्व्ह आणि पाइपलाइन दुरुस्तीची सेवा देते. आता समुद्रातल्या एका जुन्या, चालू तेल-वायू क्षेत्रातला १० टक्के हिस्सा घेण्याचा प्रस्ताव मालकांपुढे आला आहे. क्षेत्र चालवणार दुसरी कंपनी, तुम्ही नुसते भागीदार. तेलाचे भाव असे वरखाली होत असताना हा धोका पत्करावा का, आणि कायद्याच्या बाजूने कोणत्या अडचणी येतील, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एक ओळ लिहिली आहे, "नुकसान झालंच तर ते १० टक्क्यांपुरतंच असेल."

माझं सगळं उत्तर त्या शेवटच्या ओळीभोवती आहे. गेली २२ वर्षं मी तेल-वायू व्यवसायातले करार लिहितो, तपासतो, आणि ते मोडले की लवादापुढे उभा राहतो. भाव पडल्याने अडचणीत आलेल्या कंपन्या मी पुष्कळ पाहिल्या. त्यातल्या बऱ्याच सावरल्या. ज्या सावरल्या नाहीत, त्यांच्यातल्या बहुतेकींनी आपलं देणं आपल्या हिश्श्याएवढंच आहे असं धरून चाललेलं होतं.

काही गोष्टी कागदपत्रं पाहिल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही, हे आधी मान्य करतो. क्षेत्र परवाना पद्धतीत आहे की उत्पादन-वाटणी करारात, यावर निम्मं गणित फिरतं. परवाना पद्धतीत काढलेलं तेल कंपनीचं होतं आणि सरकार रॉयल्टी व कर घेतं. उत्पादन-वाटणीत कंपनी आधी आपला खर्च तेलातून वसूल करते आणि उरलेलं सरकारबरोबर वाटून घेते. तिथे कोणता खर्च वसुलीला पात्र यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात. ऑपरेटरची, म्हणजे क्षेत्र चालवणाऱ्या कंपनीची, आर्थिक ताकद किती, कायदा कोणत्या देशाचा, वाद झाला तर लवाद कुठे बसणार, हेही तितकंच महत्त्वाचं. म्हणून 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असं मी सांगणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर कागद कोणत्या क्रमाने वाचले असते आणि का, ते सांगतो.

भावाचा मुद्दा लवकर आटोपतो. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतल्या डब्ल्यूटीआय तेलाचा मे महिन्याचा वायदा, म्हणजे पुढच्या ठरलेल्या मुदतीत तेल घेण्याचा सौदा, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. वायदा दुसऱ्या दिवशी संपणार होता आणि ज्यांच्या हातात तो होता त्यांच्यापैकी अनेकांकडे तेल ठेवायला टाकी नव्हती. ती बातमी सगळ्यांना आठवते, पण तो एका वायद्याचा एका दिवसाचा भाव होता. क्षेत्राच्या मालकाला भाव मारतो तो दुसऱ्या वाटेने. जमिनीखालच्या तेलसाठ्यांच्या तारणावर कर्ज काढलेलं असेल तर बँक साधारण दर सहा महिन्यांनी साठ्यांचं मूल्य नव्याने काढते. भाव पडलेला असला की कर्जाची मर्यादा खाली येते आणि वरची रक्कम परत मागितली जाते, तीही नेमकी रोकड आटलेली असताना. दुसरं म्हणजे भाव पडला की क्षेत्र तोट्यात जाण्याची तारीखच अलीकडे सरकते. पंधरा वर्षांनी बंद करू म्हणून धरलेलं क्षेत्र आठ वर्षांत बंद करावं लागतं, आणि ते बंद करण्याचा खर्च सात वर्षं आधी दारात येऊन उभा राहतो.

म्हणून असले करार मी शेवटून वाचायला घेतो. क्षेत्र बंद करताना प्रत्येक विहिरीत ठरावीक खोलीवर सिमेंटचे बूच घालावे लागतात, केसिंग (विहिरीतला पोलादी नळ) समुद्रतळाखाली कापावं लागतं, पाइपलाइन धुऊन रिकाम्या कराव्या लागतात, प्लॅटफॉर्म उचलून किनाऱ्यावर आणून मोडावा लागतो. पूर्वी काही सांगाडे समुद्रातच बुडवण्याचा विचार असायचा. १९९५ मध्ये ब्रेंट स्पार या तेलसाठवणीच्या तरंगत्या टाकीवरून युरोपात जो उद्रेक झाला, त्यानंतर १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी अशी रचना समुद्रात टाकून देण्यावर किंवा तशीच सोडून देण्यावर बंदी घातली. अगदी मोजके अपवाद ठेवले. या कामातून एक पैशाचं उत्पन्न नसतं. आणि ते करायची वेळ येते तेव्हा क्षेत्राची कमाई संपलेली असते.

इथेच तुमचे १० टक्के डळमळतात. अनेक तेलउत्पादक देशांत क्षेत्र बंद करण्याच्या खर्चासाठी सगळे परवानाधारक संयुक्तपणे, आणि त्यातला प्रत्येक जण पूर्ण रकमेपर्यंत, जबाबदार असतो. म्हणजे ९० टक्केवाले दिवाळखोरीत गेले तर नियामक १० टक्केवाल्याकडे १०० टक्के मागू शकतो. हिस्सा विकून बाहेर पडलात तरी सुटका होईलच असं नाही. ब्रिटनच्या १९९८ च्या पेट्रोलियम कायद्यात तर आधीच्या मालकांनाही परत बोलावून जबाबदारी त्यांच्या गळ्यात घालण्याची सोय आहे. ऑस्ट्रेलियाने हा धडा महाग शिकला. तिमोर समुद्रातलं नॉर्दर्न एंडेव्हर हे तरंगतं उत्पादन-जहाज वुडसाइड या मोठ्या कंपनीने एका छोट्या कंपनीला विकलं. ती कंपनी २०१९ मध्ये कोलमडली, २०२० मध्ये अवसायनात गेली आणि जहाज सरकारच्या अंगावर पडलं. मग सरकारने खर्च भरून काढायला समुद्रात तेल-वायू काढणाऱ्या सगळ्याच कंपन्यांवर प्रति बॅरल ४८ ऑस्ट्रेलियन सेंट इतका आकार बसवला आणि २०२१ मध्ये कायदा बदलून जुन्या मालकांनाही जबाबदार धरण्याची तरतूद केली. ज्यांचा त्या जहाजाशी कधी संबंध आला नव्हता, त्यांनीही ते पैसे भरले.

बँकवाल्यांनी लक्षात ठेवावा असा निकाल कॅनडाचा आहे. रेडवॉटर नावाच्या एका छोट्या कंपनीच्या नावावर विहिरी, पाइपलाइन आणि इतर सुविधा मिळून १२७ मालमत्ता होत्या; त्यातल्या थोड्याच कामाच्या. दिवाळखोरीत रिसीव्हरने (बुडालेल्या कंपनीची मालमत्ता सांभाळायला नेमलेल्याने) चांगल्या तेवढ्या विकून बाकीच्या सोडून द्यायचं ठरवलं. ३१ जानेवारी २०१९ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं: विहिरी बुजवण्याची जबाबदारी आधी, धनकोंचे पैसे नंतर. त्यामुळे तुमच्या मालकांना या खरेदीसाठी कर्ज देणारी बँक आज हा प्रश्न विचारणारच.

एक प्रसंग सांगतो. जमिनीवरच्या एका जुन्या क्षेत्राच्या खरेदीत मी खरेदीदाराच्या बाजूने होतो. डेटा रूममधल्या, म्हणजे विक्रेत्याने दाखवायला ठेवलेल्या कागदपत्रांतल्या, यादीत ३८ विहिरी होत्या. पाहणीला गेलो तेव्हा कमरेइतक्या गवतात एक गंजलेला वेलहेड, म्हणजे विहिरीच्या तोंडावरचा सांगाडा, दिसला. नंबरची पाटी नाही. शेजारी एक दाबमापक होतं, काच धुळीने अंधारलेली. बरोबरच्या फोरमनने ती बाहीने पुसली, तर काटा शून्यावर नव्हता. तो म्हणाला, "साहेब, ही फार जुनी. हिचा हिशेब कुणाकडे नाही." दिवस मावळेपर्यंत अशा आणखी दोन सापडल्या. संध्याकाळी मी मसुदा पुन्हा उघडला. त्यात खरेदीदाराने 'परिशिष्टातील विहिरींची' जबाबदारी घ्यायची असं नव्हतंच. 'क्षेत्रातील सर्व विहिरींची, ज्ञात असोत वा अज्ञात' असं होतं. मी तोवर ते वाक्य तीनदा वाचलेलं होतं आणि प्रत्येक वेळी नेहमीचं म्हणून पुढे गेलो होतो. ते बदलून घ्यायला आम्हाला सहा आठवडे लागले. तुमच्याकडच्या मसुद्यात ते वाक्य शोधा. ते असणारच.

या बाबतीत विक्रेत्याकडे काय मागायचं? भागीदारांमध्ये क्षेत्र बंद करण्याच्या खर्चाची तजवीज करणारा वेगळा करार आहे का, ते विचारा. असेल तर निधी कधीपासून भरायचा, रोख की बँक गॅरंटी, खर्चाचा अंदाज ऑपरेटर स्वतः काढतो की स्वतंत्र अभियंता, आणि तो दरवर्षी नव्याने निघतो का, हे पाहा. नुसती पेरेंट कंपनीची (भागीदाराच्या मालक कंपनीची) गॅरंटी असेल तर ती पेरेंट कंपनी १५ वर्षांनी असेल का, हा साधा प्रश्न स्वतःला विचारा. असा करारच नसेल, तर मी मालकांना थांबायला सांगेन. किंमत कमी करून ही भोकं बुजत नाहीत.

आता अपघात. या बाबतीत तुमच्या कंपनीची सवयच तुम्हाला चकवते आहे असं मला वाटतं. सेवा पुरवठादार म्हणून तुम्ही आजवर ज्या करारांवर सही केलीत, त्यात 'ज्याची माणसं त्याची, ज्याचं सामान त्याचं' अशी वाटणी असते. धंद्यात तिला नॉक-फॉर-नॉक म्हणतात. विहिरीतून तेल फुटून प्रदूषण झालं तर ते बहुधा ऑपरेटरच्या आणि त्याच्या भागीदारांच्या माथी जातं, तुमच्या नाही. तुमचं देणं मर्यादित असतं ते या कलमामुळे. हिस्सा घेतलात की तुम्ही त्याच कलमाच्या पलीकडच्या बाजूला जाता.

मॅकोंडोची विहीर हे याचं सर्वात स्पष्ट उदाहरण. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन रिगवर (विहीर खोदणाऱ्या तरंगत्या यंत्रणेवर) स्फोट झाला, ११ माणसं गेली आणि ८७ दिवस तेल वाहत राहिलं. विहिरीत बीपीचा हिस्सा ६५ टक्के होता, अॅनाडार्कोचा २५ आणि मित्सुई समूहातल्या मोएक्सचा १०. शेवटचे दोघे रिग चालवत नव्हते, रोजचे निर्णयही त्यांचे नव्हते. बीपीने सफाईच्या बिलात त्यांचा वाटा मागितला. निष्काळजीपणा तुमचा, आम्ही का भरू, असं त्यांचं म्हणणं होतं. अखेर २०११ मध्ये मोएक्सने बीपीला १ अब्ज ६ कोटी डॉलरच्या वर आणि अॅनाडार्कोने ४ अब्ज डॉलर देऊन वाद मिटवला. शिवाय अमेरिकेच्या जलप्रदूषण कायद्यात विहिरीची मालकी एवढंच दंडाला पुरेसं असल्याने २०१५ मध्ये अॅनाडार्कोला सुमारे १६ कोटी डॉलरचा दंड वेगळा झाला. याउलट रिगची मालक ट्रान्सओशन ही कंत्राटदार. करारातल्या नुकसानभरपाईच्या हमीमुळे, विहिरीतून झालेल्या प्रदूषणाच्या भरपाईचे दावे बीपीनेच सोसायचे असं न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवलं. दंड आणि दंडात्मक भरपाई मात्र त्या हमीबाहेर ठेवली. कंत्राटदार कलमाच्या अलीकडे, १० टक्केवाला पलीकडे. हा फरक मालकांना कागदावर चित्र काढून दाखवा.

यासाठी भागीदारांमधला जॉइंट ऑपरेटिंग अॅग्रीमेंट हातात घ्या. ऑपरेटर चुकला तरी तो सहसा भागीदारांना भरपाई देत नाही. 'घोर निष्काळजीपणा' किंवा 'जाणूनबुजून केलेली चूक' सिद्ध झाली तरच देतो, आणि काही करारांत तेही फक्त वरिष्ठ व्यवस्थापकांच्या चुकीपुरतं. ही व्याख्या शब्दशः वाचा. मग विम्याची कलमं: ऑपरेटरच्या विम्यात तुमचा हिस्सा धरलेला आहे का, की तुम्ही स्वतंत्र विमा घ्यायचा?

त्याच करारात छोट्या भागीदाराचं सर्वात मोठं संरक्षणही असतं, आणि ते म्हणजे भागीदारांच्या समितीची मंजुरी. घानाचं एक प्रकरण मी नवीन वकिलांना नेहमी सांगतो. टलो ही ऑपरेटर कंपनी. तिने सीड्रिलची वेस्ट लिओ रिग भाड्याने घेतली होती. सागरी सीमेच्या वादात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये नव्या ड्रिलिंगला मनाई केली. टलोने ते फोर्स मॅज्युअर, म्हणजे हाताबाहेरचं संकट, ठरवून करार संपवला. लंडनच्या न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं की रिगला काम न देण्याचं खरं कारण ते नव्हतं; दुसऱ्या क्षेत्राच्या आराखड्याला सरकारची मंजुरी मिळालेली नव्हती, आणि ती गोष्ट या करारातल्या फोर्स मॅज्युअरच्या यादीत बसत नव्हती. टलोवर सुमारे २५ कोटी ४० लाख डॉलरची जबाबदारी आली. टलोने भागीदार कॉसमॉसकडे वाटा मागितला, सुमारे ५ कोटी डॉलर. कॉसमॉसने लवादात तो नाकारला आणि जिंकली, कारण रिगच्या त्या बांधिलकीला भागीदारांच्या समितीची रीतसर मंजुरी घेतलेलीच नव्हती.

तेव्हा हिस्सा घेतल्यावर समितीच्या बैठकीला चहा प्यायला म्हणून कोणालातरी पाठवू नका. कोणत्या रकमेच्या वरच्या खर्चाला मत लागतं, किती टक्क्यांनी ठराव संमत होतो, तुमचे १० टक्के कोणाबरोबर मिळाले तर ठराव अडू शकतो, हे सहीच्या आधी मांडून ठेवा. दोन भागीदार मिळून ठराव संमत होत असेल आणि तिसऱ्याची गरजच नसेल, तर तुमचं मत नावापुरतं. कॅश कॉल, म्हणजे ऑपरेटरने मागितलेला खर्चाचा वाटा, चुकला तर काय होतं तेही पाहा: मतदानाचा हक्क आणि तेलातला वाटा लगेच थांबतो, आणि ठरलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर हिस्साच गमवावा लागू शकतो. ऑपरेटरचे हिशेब तपासण्याचा हक्क असतो, पण त्याला मुदत असते. बऱ्याच नमुना करारांत ते वर्ष संपल्यापासून २४ महिने. माझ्या एका अशिलाने मुदत उलटल्यावर चौथ्या दिवशी हरकत पाठवली होती. हरकत बरोबर होती, आकडेही बरोबर होते. एक पैसा परत मिळाला नाही.

इथवर सांगितलेलं एकत्र धरलं तर देणं हिश्श्याबाहेर जाण्याच्या वाटा अशा: भागीदार बुडाला तर, नियामकाने थेट मालकाला धरलं तर, आणि समितीत गप्प बसून तुम्ही खर्चाला संमती दिली तर. गॅसची विक्री होत असेल तर चौथी वाट गॅस विक्री कराराची. ग्राहकाने ठरलेला गॅस उचलला नाही तरी त्याने पैसे द्यायचे, हे टेक-ऑर-पे कलम विक्रेत्याला आवडतं. पण जुन्या क्षेत्राचं उत्पादन घटतं, आणि तुम्ही ठरलेला गॅस देऊ शकला नाहीत तर तुटीची भरपाई तुमच्यावर येते. ती प्रत्येक विक्रेत्याच्या वाट्यापुरती आहे की संयुक्त, ते पाहा.

सरकारच्या बाजूच्या धोक्याबद्दल थोडंच सांगतो. कर बदलतात. ब्रिटनने मे २०२२ मध्ये २५ टक्क्यांचा जादा नफाकर आणला. नोव्हेंबर २०२४ पर्यंत तो ३८ झाला आणि एकूण कर ७८ टक्क्यांवर गेला. भारताने २०१२ च्या पूर्वलक्षी कायद्याच्या आधारे केर्न एनर्जीकडे २००६ च्या व्यवहारावर कर मागितला. डिसेंबर २०२० मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने सुमारे १ अब्ज २० कोटी डॉलरचा निवाडा दिला आणि २०२१ मध्ये तो कायदा मागे घेतला गेला. व्हेनेझुएलाने २००७ मध्ये कोनोकोफिलिप्सचे प्रकल्प ताब्यात घेतले, त्याचा सुमारे ८ अब्ज ७० कोटी डॉलरचा निवाडा २०१९ मध्ये आला. निवाडा जिंकणं आणि पैसे हातात पडणं यांत पुन्हा कित्येक वर्षं जातात. मोठ्या कंपनीला ती वाट परवडते. तुमच्या आकाराच्या कंपनीने कर स्थिर ठेवण्याचं कलम तिला लागू होतं की फक्त मूळ परवानाधारकाला, हे आधी तपासावं. गुंतवणूक-संरक्षण करार असलेल्या देशातून हिस्सा घ्यायचा असेल तर तेही आत्ताच ठरवा. वाद दिसू लागल्यावर केलेली फेररचना लवाद सहसा मानत नाहीत.

हवामानाच्या खटल्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण किमतीशी त्यांचा थेट संबंध आहे. हेगच्या न्यायालयाने मे २०२१ मध्ये शेलला २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन ४५ टक्के कमी करायला सांगितलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपिलात तो आकडा रद्द झाला, मात्र कंपनीवर उत्सर्जन कमी करण्याचं कर्तव्य आहे हे अपील न्यायालयानेही मानलं. छोट्या भागीदाराच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा निकाल जून २०२४ चा, ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाचा. तेल काढण्याला परवानगी देताना ते तेल पुढे जाळल्यावर होणारं उत्सर्जनही पर्यावरण-अहवालात धरलं पाहिजे, असं त्यात म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या न्यायालयाने रोझबँक आणि जॅकडॉ या क्षेत्रांच्या मंजुऱ्या याच मुद्द्यावर रद्द करून नव्याने निर्णय घ्यायला लावला. विक्रेत्याने किमतीत अजून न खोदलेल्या विहिरी धरल्या असतील, आणि तो धरतोच, तर त्यातली प्रत्येक विहीर परवानगीवर अवलंबून आहे. त्या विहिरींचे पैसे परवानगी हाती आल्यावर द्यायचे, असं ठरवून घ्या.

मालकांना काय सांगायचं, तर किमतीची बोलणी महिनाभर थांबवायला सांगा. विक्रेत्याला आधी एकच पत्र लिहा आणि मागा: क्षेत्र बंद करण्याच्या तजविजीचा करार, जॉइंट ऑपरेटिंग अॅग्रीमेंट त्याच्या सर्व दुरुस्त्यांसह, गेल्या पाच वर्षांची समितीची इतिवृत्तं, आणि प्रत्येक विहिरीची आजची अवस्था दाखवणारी यादी. इतिवृत्तांत भागीदार कशावरून भांडतात ते दिसतं. विक्रेत्याचं सादरीकरण ते कधीच दाखवत नाही.

यादी आली की वकिलाच्या आधी ती तुमच्याच दुरुस्ती विभागातल्या जुन्या माणसांना दाखवा. कोणत्या विहिरीवर दाब पुन्हा पुन्हा चढतो, कुठल्या व्हॉल्व्हसाठी वर्षातून चारदा बोलावणं येतं, हे त्यांना यादी पाहताच कळेल. फक्त एक काळजी घ्या. त्यांनी याच क्षेत्रावर पूर्वी काम केलेलं असेल तर तिथली माहिती त्या सेवा करारातल्या गोपनीयतेत येते. ती वापरायची लेखी परवानगी आधी विक्रेत्याकडून आणि ऑपरेटरकडून घ्या, आणि मगच त्यांना बसवा.